एसी गरम हवा फेकतोय? थांबा, लगेच गॅस भरू नका!

जालनेकरांनो, पारा चाळिशीपलीकडे गेल्यापासून आम्हा एसी दुरुस्त करणाऱ्यांचे फोन सकाळपासून वाजताहेत, आणि जो तो एकच सांगतोय: ‘गॅस संपलाय, भरून द्या.’ गॅस संपत नसतो. तो गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. दहा वर्षं जुन्या एसीतही तो पहिल्या दिवसाइतकाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा हवेतच जाणार.

आधी मात्र घरातली माणसं बघा. एसी आहे म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि आत म्हातारी आजी किंवा तान्हं बाळ. अशा खोलीत एसी गरम हवा फेकू लागला तर मेकॅनिकची वाट बघत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, पंखा लावा, नाहीतर त्यांना खालच्या मजल्यावर न्या, कारण वरच्या स्लॅबखालची खोली सगळ्यात जास्त तापते. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग भाजल्यागत तापलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा, अंग ओल्या फडक्याने पुसत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता मशीनकडे वळू. रिमोटवर ‘कूल’ आहे की नुसता ‘फॅन’, हे बघा. हसू नका, पोरांच्या हातात रिमोट गेला की हे हमखास होतं. वीज जाऊन आली असेल तर तीन-चार मिनिटं थांबा, कॉम्प्रेसर मुद्दामच उशिरा सुरू होतो. आणि १६ वर टाकल्याने खोली लवकर गार होत नाही. २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, ते उगाच नाही.

मग फिल्टर काढा. आपल्याकडे रस्त्याची धूळ, एमआयडीसीकडची धूळ, घरात दळणाचं पीठ, सगळं त्या जाळीवर चिकटतं. उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं दिसत नसेल तर हवा जाणार कुठून? कोरड्या ब्रशने बाहेर झटका, मग अर्धी बादली पाणी पुरतं. नळाची वाट बघणाऱ्या गावात फिल्टर वाहत्या पाण्याखाली धरायची चैन परवडणारी नाही. आतल्या कॉइलवर बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या. स्क्रूड्रायव्हरने खरवडाल तर गळती तुम्हीच कराल.

या दिवसांत खरा घोटाळा बहुतेक वेळा बाहेरच्या युनिटवर सापडतो. बाहेर ४२ अंश असताना त्याला त्याहून गरम होऊनच उष्णता सोडावी लागते. अशात कॉइलवर मातीचा थर, मागे पारव्याचं घरटं, वर पावसाळ्यात बांधलेली ताडपत्री अजून तशीच! काहीजण तर गार राहावं म्हणून ओलं गोणपाट टाकतात. हवाच कोंडली की दाब वाढतो, कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडतो आणि आत नुसता पंखा फिरत राहतो. अर्ध्या-एक तासाने पुन्हा थोडं गार, पुन्हा गरम, असं चाललं असेल तर आधी हेच बघा. सावली जरूर करा, पण चार हात उंचावर, पुढची-मागची हवा मोकळी ठेवून. धुताना एमसीबी पाडा आणि पाणी हळू सोडा. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात, आणि बोअरच्या पाण्याचे क्षार बसू नयेत म्हणून शेवटी एक तांब्या गोडं पाणी टाका. झाकण उघडून आत हात घालू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर झटका देतो. युनिट गच्चीच्या कठड्याबाहेर असेल तर तिथे लोंबकळूही नका. तिथलं काम दोराशिवाय आमच्यापैकी कुणालाही करू देऊ नका.

बाहेरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसरची घरघर नाही, तर संशय कपॅसिटरवर किंवा व्होल्टेजवर घ्या. ते २३० च्या आसपास हवं, आणि दुपारी डीपीवर भार आला की बरंच खाली येतं. स्टॅबिलायझरवरचा आकडा वाचा आणि महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा. आकडा टाकून एसी चालवणाऱ्यांना काय सांगावं? गल्लीतली डीपी जळते तेव्हा अंधारात तेही बसतात.

हे सगळं बघूनही गरमच असेल तर गॅसकडे या. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं: आर-२२, आर-३२, आर-४१०ए किंवा आर-२९०. तोच गॅस, तेवढाच, वजनकाट्यावर मोजून. आधी गळती शोधून बंद करायची, मग व्हॅक्यूम पंपाने नळी रिकामी करायची, मग भरायचा. ‘पाच मिनिटांत टॉप-अप’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. एक किलो आर-२२ हवेत सोडला तर सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भर पृथ्वीच्या तापात पडते, ओझोनचं नुकसान वेगळंच.

आणि हे मात्र कळकळीने सांगतो. गळती तपासायला नायट्रोजनच वापरायचा. कुणी ऑक्सिजनचं सिलिंडर जोडू लागला तर त्याला तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाशी भिडला की स्फोट होतो. नायट्रोजनचं सिलिंडर राखाडी, ऑक्सिजनचं काळं, एवढं ध्यानात ठेवलं तरी जीव वाचेल. आर-२९० तर सरळसरळ पेटणारा आहे, आर-३२ ही थोडाफार पेटतो. काम चालू असताना जवळ बिडी, उदबत्ती, गॅसची शेगडी काही नको. स्वयंपाकाचा गॅस एसीत भरून देतो म्हणणाऱ्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नका.

फोन कराल तेव्हा एवढं सांगा: पाटीवरचा गॅस, किती टनाचा एसी, बाहेरचा पंखा फिरतो का, स्टॅबिलायझरवर आकडा किती, फिल्टर कधी धुतला. मंठा-परतूरकडच्या मंडळींनी तर पाटीचा फोटोच पाठवावा, म्हणजे योग्य सामान घेऊनच माणूस निघेल आणि तुमच्या माथी दुसऱ्या फेरीचा खर्च बसणार नाही.