इसार पावती म्हणजे जमीन नव्हे

२०१७ साली शिर्डीला विमानतळ झाला, २०२२ साली समृद्धी महामार्ग पोहोचला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील जमिनींवर अनेकांची दृष्टी खिळली. अल्प रक्कम देऊन इसार पावती करायची आणि खरेदीखतापूर्वीच तो हक्क चढ्या भावाने तिसऱ्याच्या गळ्यात घालायचा, ही रीत अशाच वेळी फोफावते. बाजाराच्या भाषेत हेच ‘डेरिव्हेटिव्ह’ : मालमत्ता नव्हे, तिच्या भावी किमतीवरचा सौदा. भाव थांबला की शेवटचा पावतीधारक अडकतो. भाव चढला तरी शेतकऱ्याच्या पदरी जुनाच दर. गृहकर्जांवर रचलेल्या कागदांनी २००८ साली अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही बजावतो, की केवळ विक्रीच्या कराराने जमिनीत हक्क उत्पन्न होत नाही. म्हणून संसाराची पुंजी गुंतवण्यापूर्वी सातबारा पाहावा, मूळ मालकाला भेटावे. पावतीवर विसंबू नये.