घरे आणि गावे

मराठी आडनाव म्हणजे अर्धा पत्ताच. कुरुंदकर म्हटले की गाव कुरुंदा, तालुका वसमत. नरहर कुरुंदकर नांदेडात नावारूपाला आले, म्हणून आडनावातले गाव काही पुसले गेले नाही!

यंत्रांचीही हीच तऱ्हा, हे मला कुरुंद्याच्याच एका माजी विद्यार्थ्याने शिकवले. तो एका साखर कारखान्यात यंत्रांना पत्ते वाटतो. कागदावर त्याने लिहिले : १९२.१६८.१.१०. "सर, पहिले तीन आकडे गाव, शेवटचा घर." गाव कुठे संपते, ते 'सबनेट मास्क' सांगतो, इथे तो २५५.२५५.२५५.०. एका गावची यंत्रे परस्पर बोलतात. परगावी निरोप धाडायचा तर वेशीवरचा राऊटर हवा.

"पण आमचा मोबाइल आपला पत्ता आपणच मागून घेतो की!" मी म्हटले.

"त्याला रोज नवे बिऱ्हाड चालते, सर. बॉयलरच्या पाण्याची पातळी कळवणाऱ्या यंत्राने वीज जाऊन आल्यावर घर बदलले, तर पडद्यापुढचा माणूस जुन्याच दारावर थापा मारीत बसेल."

म्हणून इथे पत्ता कायमचा. तोच चुकून दोघांना दिला, तर निरोप कधी याला, कधी त्याला. आणि एकेकटे तपासावे, तर दोन्ही यंत्रे शहाणी! ही भानगड टाळायला तो वही ठेवतो. मी ती चाळली. शुद्धलेखन कॉलेजात होते तसेच. मात्र प्रत्येक आकड्यापुढे नाव होते, आणि येऊ घातलेल्या दोन पंपांसाठी दोन घरे राखलेली होती.