वादी आणि हळहळ

पिंगळीला गेलो की कुणीतरी हमखास म्हणतं, "नायलॉन आलं अन् वाद्या गेल्या!" खरंय. कच्च्या कातड्याची वादी ओली करून आवळली की वाळताना आकसते, गाठ अशी बसते की सुटता सुटत नाही. (पावसात भिजली की ढिली पडते, हे मात्र कुणी सांगत नाही!)

पण ही हळहळ मला पटत नाही. मेलेलं जनावर ओढायचं कुणी, सोलायचं कुणी, त्या वासात बसून पट्ट्या कापायच्या कुणी? वादी वाड्यात यायची, ती करणारा मात्र उंबऱ्याबाहेर. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते उगाच नव्हे.

आमच्या गाडीला आता नायलॉनचा दोर आहे. महिन्याभरात सैल होतो. होऊ दे, मीच पुन्हा आवळतो.