बीएलओ दारात आला पाहिजे

‘आता सगळे मोबाइलवर आहे. नाव नोंदवा, पत्ता बदला, आचारसंहितेचा भंग दिसला तर सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाका. एवढे असूनही जो मतदार यादीत नाही, तो आळशी.’ हा युक्तिवाद शहरी बैठकांत हमखास ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि कष्टकऱ्यांवर अन्याय करणारा आहे.

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या चाळीत एका खोलीत चारपाच कामगार राहतात. वीजबिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार नाही, मालक कागद देत नाही. हा कामगार मतदार नोंदणीचा नमुना ६ मोबाइलवर भरेलही, पण पत्त्याच्या पुराव्याशी अडेल. पुरावा नसेल तर प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करावी, अशी सोय त्याच नमुन्यात आहे. म्हणजे त्याचे नाव शेवटी बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, फेरीवर अवलंबून. ती फेरी दुपारी झाली आणि तो तारापूर एमआयडीसीत पाळीवर असला, तर खोलीला कुलूप. यात आळस कुणाचा?

याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे दुखणे उलटे आहे. तिथे नाव यादीत असते, माणूस गावात नसतो. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर निघतात, आणि २०२४ च्या विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला, दिवाळीनंतर. कायदा त्यांच्या बाजूचा आहे. तात्पुरते बाहेर गेल्याने गावचा रहिवास तुटत नाही, असे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते. १९५१ च्या कायद्याचे कलम १३५-ब रोजंदारीवाल्यालाही मतदानाची पगारी सुट्टी देते. पण उचल घेऊन बसलेला मजूर शेठकडे ती मागणार कोणत्या बळावर? आणि एवढ्या लांबून आलेल्याला मतदान यंत्र बंद म्हणून ताटकळावे लागले तर? २८ मे २०१८ च्या पालघर पोटनिवडणुकीत यंत्रे बिघडल्याच्या तक्रारी झाल्याच होत्या.

अ‍ॅप नको, असे मी म्हणत नाही. तहसीलचे हेलपाटे त्याने वाचवले, हे मोठेच काम झाले. पण नागरिकांचा सहभाग यादीपासून सुरू होतो आणि यादी माणसांनी माणसांत जाऊन करायची असते. प्रारूप यादीचे वाचन ग्रामसभेत व्हावे, तसे ते बोईसरच्या चाळींतही व्हावे, संध्याकाळी, पाळी सुटल्यावर. महाविद्यालयातली मुले मोबाइल घेऊन बीएलओसोबत फिरोत. सुट्टी नाकारणाऱ्या भट्टीमालकाची तक्रारही सी-व्हिजिलसारख्याच सोयीने घेतली जावी, आणि तिच्यावर मतदानाच्या आधी कारवाई व्हावी.