दिशांची मर्यादा

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये दिग्व्रताला स्वतंत्र स्थान आहे. दहा दिशांना आपण कुठवर जाऊ, याची मर्यादा गृहस्थाने स्वतःच आखून घ्यावयाची असते. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वर, खाली अथवा तिरपी मर्यादा ओलांडणे आणि क्षेत्र वाढवणे हे पहिले चार. पाचवा ‘स्मृत्यंतराधान’, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेचे विस्मरण. ज्या कुटुंबांचा व्यापार आज समुद्रापार गेला आहे, त्यांना हा पाचवा अतिचार अधिक विचार करावयास लावतो.

मुंबईच्या हिरेबाजारातील एक तरुण डिसेंबरच्या मध्यास प्रथमच बेल्जियममधील अँटवर्पला गेला, तोही एकटा. ब्रुसेल्सच्या विमानतळावरून आगगाडीने तो अँटवर्पच्या मध्यवर्ती स्थानकात उतरला, तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते आणि बाहेर अजून अंधार होता. 1905 साली खुल्या झालेल्या त्या स्थानकाचा दगडी घुमट पाहून मंदिराच्या सभामंडपात उभे असल्यासारखे त्याला वाटले. एवढी माणसे ये-जा करीत होती, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मुंबईच्या कानांना ती शांतता जड वाटली.

सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवला. नवकारसी पाळून साडेनऊनंतर त्याने घरचे दोन खाखरे खाल्ले आणि शहर पाहावयास तो बाहेर पडला. रस्ता ओलांडताना सवयीने उजवीकडे पाहिले; मोटार डावीकडून आली. पदपथ समजून तो सायकलींच्या वाटेवर चालत राहिला आणि मागून वाजलेल्या घंटेने दचकला. एका कोपऱ्यावर तळलेल्या बटाट्यांचा वास येत होता. बटाटा त्याला वर्ज्यच. पण तेथील जुन्या पद्धतीत ते काप गाईबैलांच्या चरबीत तळतात, हे कळल्यावर तो झपाट्याने पुढे निघाला. दुकानातील चीजच्या वेष्टनावरील डच अक्षरे लागेनात. वासराच्या जठरातील रेनेट त्यात असू शकते, एवढे ठाऊक असल्यामुळे त्याने ते परत ठेवले. सफरचंदे घेऊन तो खोलीवर आला, अंथरुणावर टेकला आणि प्रवासाच्या शिणाने झोपी गेला.

जाग आली तेव्हा खिडकीबाहेर काळोख होता. घड्याळात पाच वाजले होते. मुंबईत डिसेंबरमध्येही सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो; तोच हिशेब मनात धरून तो निजला होता. येथे साडेचारनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळला होता. मेजावर आईने दिलेला थेपल्यांचा डबा होता, बाजूला सफरचंदे आणि पाण्याची बाटली. पोटात भूक होती, घशाला कोरड होती. पहिलाच दिवस आहे, प्रवास झाला आहे, परका देश आहे, अशी कारणे एकामागून एक पुढे आली. त्या शहरात त्याला ओळखणारे कोणी नव्हते. डबा उघडला असता तर कोणालाही कळले नसते.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिकडे साडेनऊ वाजून गेले होते.

“जेवलास का रे?”

हो म्हटले असते तर आई निश्चिंत झोपली असती. क्षणभर थांबून तो म्हणाला, “नाही, आई. झोप लागली आणि इथे सूर्य फार लवकर मावळला.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आई म्हणाली, “असू दे, बाळा. उद्या चारच्या आतच जेवून घे.”

ती रात्र लांब गेली. नवकार म्हणत त्याने ती काढली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. स्थानकालगतच्या होव्हेनियर्सस्ट्राट या गल्लीतील एका कचेरीत तो गेला. वृद्ध ज्यू व्यापाऱ्याने पुडी उलगडून हिरे दाखवले. भाव ठरला. वृद्धाने हात पुढे केला आणि ‘मझल’ एवढेच म्हटले. हिब्रू भाषेत याचा अर्थ नशीब. परंतु या बाजारात तो शब्द उच्चारला की सौदा पक्का. मग भाव चढो वा उतरो, मागे फिरता येत नाही. भारतीय व्यापारीही तेथे हाच शब्द उच्चारतात.

तीन वाजले तसा वृद्ध टेबल आवरू लागला. सूर्यास्तापूर्वी साबाथ सुरू होतो, त्याआधी घरी पोहोचावयाचे होते. भिंतीवरच्या पंचांगात प्रत्येक शुक्रवारची वेळ छापलेली होती. हिवाळ्यात चारच्या आसपास, उन्हाळ्यात रात्री उशिराची. सूर्याचा हिशेब ठेवणारे आणखी कोणी या शहरात आहे, हे पाहून तरुणाला प्रथमच तेथे परके वाटेनासे झाले. सौद्याचा शब्द आणि आदल्या रात्रीचा न उघडलेला डबा, दोन्हींना कागद नव्हता की साक्षीदार. शब्द देणाऱ्यालाच ते सांभाळावयाचे होते.

खोलीवर येऊन त्याने चारच्या आत जेवण आटोपले. मग व्यवहाराची नवी वही काढली आणि पहिल्या पानावर, सौद्याच्या नोंदीच्याही आधी, त्या महिन्यातील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा लिहून ठेवल्या.