गेम नवा, संगणक जुना

नवा गेम येणार म्हटले की गेमवेड्यांना दोनच प्रश्न पडतात : कधी येतो आणि आपल्या संगणकावर चालेल का? पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’चेच पाहा. २०१२ मध्ये जाहीर झालेला हा गेम तारखा बदलत बदलत १० डिसेंबर २०२० रोजी आला. तोवर ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली होती!

कंपनीने किमान ८ जीबी रॅम, ३ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आणि ७० जीबी जागा सांगितली होती. पण ‘किमान’ म्हणजे चित्राचा दर्जा खालचा ठेवला तर गेम चालेल, एवढेच. प्लेस्टेशन ४ वर तर तो इतका अडखळला, की सोनीने आठवडाभरात विक्री थांबवून पैसे परत देऊ केले. पुढे दुरुस्त्या होत होत गेम सावरला.

तेव्हा मुलाने नव्या कार्डाचा हट्ट धरला, तर लगेच पाकीट उघडू नका. ‘किमान’ नव्हे, ‘शिफारस’ केलेली यादी ताडून पाहा. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. आठ दिवस थांबलात तरी बिघडत नाही. गेम काही पळून जात नाही.