अकोल्यात बर्फाची सोय

माझी भाची अमरावतीला कॉलेजात शिकते. परवा तिचा फोन आला, "मामा, तुमच्याकडे तो जुना छोटा डिजिटल कॅमेरा होता ना? मला द्या ना. आता त्याचीच फॅशन आहे!" मी घटकाभर गप्प झालो. घरात कित्येक वर्षे कुणी न विचारलेली वस्तू पुन्हा फॅशनमध्ये येते, हे ऐकून माझ्या वयाच्या माणसाला उगाच आशा वाटू लागते. पण तिने पुढे विचारले, "फीचर्स काय काय आहेत त्यात?" आणि माझे डोके फिरले. या फीचर्स नामक प्रकरणाशी माझे जुने वैर आहे.

हा कॅमेरा मी 2009 साली अकोल्यातल्या एका दुकानातून घेतला. दुकानदाराने खोक्यावरची यादी व्यंकटेशस्तोत्रासारखी एका दमात म्हणून दाखवली. शेवटी म्हणाला, "भाऊ, बारा मेगापिक्सल हाये! अजून काय पायजे?" अजून काय पाहिजे हे मलाही ठाऊक नव्हते. घेतला.

घरी येऊन पुस्तिका वाचली. कॅमेऱ्यात निरनिराळ्या देखाव्यांची सोय होती. समुद्रकिनारा होता, मत्स्यालय होते, आतषबाजी होती आणि चक्क बर्फ होता. अकोल्यात बर्फ! आमच्याकडे बर्फ रसवंतीवर पोत्यात गुंडाळून येतो आणि फोटोची वाट न पाहता पाणी होतो. त्याच पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिले होते, की हा कॅमेरा 0 ते 40 अंश तापमानात वापरावा. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45च्या आसपास ठाण मांडून बसतो, आणि आमची निम्मी लग्ने तेव्हाच लागतात. म्हणजे बर्फाची सोय आहे, अकोल्याची नाही!

पुढे एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीचा फोटो काढला, तर पांढराशुभ्र कापूस राखेसारखा आला. चिडून बटणे फिरवताना चुकून बर्फ लागला, आणि कापूस कापसासारखा दिसला. कारण साधे आहे. समोर सगळे पांढरेच असले की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, म्हणून तो चित्र काळवंडून टाकतो. बर्फाचे बटण त्याला सांगते, बाबा रे, हे पांढरेच आहे, उजेड कमी करू नकोस. मग वऱ्हाडात विकायच्या कॅमेऱ्यावर त्याच बटणाला 'कापूस' म्हणायला काय खर्च येत होता? पण यादी करणाऱ्याने कापसाची गंजी पाहिली असेल तर ना!

मेगापिक्सेलची तर शुद्ध फसवणूक. आपण फोटो करून घेतो तो चार बाय सहा इंचांचा. इंचाला 300 ठिपके धरा, 1200 गुणिले 1800, झाले 21 लाख 60 हजार. दोन मेगापिक्सेलच्या वर थोडे. उरलेले दहा मी कुणासाठी विकत घेतले? बरे, ते सगळे बसतात करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यावर. एका एकरात बारा भावांची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला धुराच उरतो. तसा इथे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेडच उरत नाही. संध्याकाळी काढलेल्या फोटोत माणसांच्या तोंडावर रवा सांडलेला असतो तो यामुळे.

यादीत सगळे होते, नव्हती ती चपळाई. पोळ्याला सजवलेला बैल समोरून चालला, मी बटण दाबले, कॅमेऱ्याने विचार केला, आणि फोटो निघाला तो शेपटीचा. सलग तीन बैलांच्या शेपट्या आहेत माझ्याकडे. 1975 साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनियराने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याला एक चित्र कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद लागत. माझा त्याच घराण्यातला असावा. त्यापेक्षा आमचा आगफा क्लिक थ्री बरा. रोलमध्ये 12 फोटो आणि ऊन, ढग, पिवळा फिल्टर एवढीच अक्कल, पण खटका दाबला की बैल तोंडासकट येई.

मोबाइल आहे ना, असे तुम्ही म्हणाल. जगही तेच म्हणाले. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबात 2010 साली 12 कोटींवर डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते, 2020 साली 90 लाखसुद्धा नाहीत. पण मोबाइलने फोटो काढायला घ्यावा, तर मध्येच कुणाचा तरी फोन येतो. माझ्या कॅमेऱ्याला कुणाचा फोन येत नाही. पानठेल्यावर मिळणारे दोन पेन्सिल सेल घातले की तो चालतो, आणि त्याचे भिंग खरोखर पुढे सरकून माणूस जवळ आणते. एवढे दोन गुण यादीत तळाशी होते.

माझ्या या तळतळाटाला आणखी एक कारण आहे. बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. ऑफिसच्या ग्रुप फोटोतून त्यांचे तोंड कापून मोठे करून घेतले. शेजारच्या साहेबांचा खांदा त्यात येत होता, म्हणून स्टुडिओवाल्याने ब्रशने बाबांना काळा कोट चढवला. जन्मभर धोतर-सदऱ्यात वावरलेला माणूस भिंतीवर बॅरिस्टर होऊन बसला, आणि आई रोज त्या परक्या कोटाला हार घालू लागली.

कॅमेरा घेतला तो यासाठी. पहिल्याच दुपारी ओसरीवर तूर निवडत बसलेल्या आईसमोर तो धरला. कॅमेऱ्यात, माणूस हसले की आपोआप फोटो निघण्याची सोय होती. ती लावून मी वाट पाहिली. आईची पिढी 'हलू नका, हसू नका' ऐकून वाढलेली. ती श्वाससुद्धा रोखून बसली. पाच मिनिटे आई हसेना आणि कॅमेरा फोटो काढेना. शेवटी मी ती सोय बंद केली. ते पाहून आई पुन्हा सुपाकडे वळली, आणि मी साधे बटण दाबले.

मागच्या पडद्यावर तिला फोटो दाखवला. सूप, चष्म्याची दोरी बांधलेली दांडी, पदराला लागलेला भुसा, सगळे जिथल्या तिथे. तिने तो बराच वेळ पाहिला.

"हाच लावजो मी गेल्यावर," ती म्हणाली. "अन् त्या फोटोवाल्याले सांगजो, मले कोट नको घालू म्हणा."